वीज दुरूनच यावी

छतावर सौर पॅनेल बसवायचा विचार मनात आला असेल, तर आधी घोटभर पाणी प्या आणि शांत बसा. डोक्यावर तयार झाली आणि जिना उतरून खाली आली, ती काय वीज झाली? तिला ना मनोरे, ना उपकेंद्रं, ना उद्घाटन. फीत कापायला मंत्री तुमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांतून वाट काढत येणार आहेत का?

खानदानी वीज लांबून येते. १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर केंद्र काढलं, तेव्हा ती जेमतेम आसपासच्या गल्ल्यांपुरती पोचायची. १८९६मध्ये नायगाराची वीज बफेलोला गेली आणि अंतराची गोडी लागली. आज चीनमध्ये ११०० किलोव्होल्टची वाहिनी ३,००० किलोमीटरहून लांब पसरली आहे. तुमच्या पॅनेलची तार मोजून बघा. लाज वाटेल.

वाटेत वीज गळते, असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. खरी जास्त गळती गल्लीतल्या कमी दाबाच्या तारांत होते. म्हणजे दोष पुन्हा गल्लीचाच!

मोठी वाहिनीच का, हे विचारू नये. अनेक देशांत वीज कंपनीला भांडवली खर्चावर ठरावीक परतावा मिळतो. जितकं लोखंड उभं कराल तितकी कमाई. जी वाहिनी बांधावीच लागली नाही, तिच्यावर छदामही नाही. एव्हर्च आणि जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ सालीच ही मेख दाखवून दिली. तेव्हापासून ती पाठ्यपुस्तकात सुखाने नांदते आहे. तिथून तिला हलवू नका.

मनोरा तुमच्याच शेतात आला तर अभिमान बाळगा. ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीखाली साधारण ६० मीटर रुंदीचा पट्टा मोकळा लागतो, तेव्हा उंच झाडं तोडा आणि घराचा विषय सोडा. दमट हवेत तारा चरचरतात, ते संगीत फुकट. त्या दाबाच्या वाहिनीवरून तुमचा दिवा मात्र लागणार नाही. वीज पुढच्या शहराला निघाली आहे, तिला मध्येच अडवू नये.

‘रात्री सूर्य नसतो’ हे वाक्य पाठ करा. ते खरं आहे, म्हणून फार कामाचं. समोरच्याने बॅटरीचं नाव काढलं की घड्याळ बघा. दूरच्या धरणाची वीज आणायला एखादी वाहिनी खरोखरच लागते, हेही मोकळ्या मनाने सांगा आणि त्याच दमात बाकीच्या दहा मंजूर करून घ्या.

भव्यतेचं माप हवं असेल तर १४ ऑगस्ट २००३ आठवा. ओहायोत भाराने तापून सैल झालेल्या तारा झाडांना टेकल्या आणि पार कॅनडापर्यंत सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. जुलै २०१२मध्ये भारताने तर ६० कोटींचा पल्ला ओलांडला. छतावरच्या पॅनेलची एवढी मजल जाईल?

इतकं सांगूनही पॅनेल बसवलंतच, तर निदान बॅटरी घेऊ नका. मुख्य पुरवठा गेला की साधा सौर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारा डबा, आपोआप बंद होतो, लाइनवर चढलेल्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून. नियम रास्तच आहे. मग भर दुपारी, लख्ख उन्हात पॅनेल तापलेलं आणि पंखा थांबलेला असताना कंपनीला फोन लावा. पलीकडून दिलासा मिळेल, ‘काळजी करू नका साहेब, नवी वाहिनी मंजूर झालीय.’