परत तोच पिवळा दिवा
परत चेक इंजिनचा दिवा लागला, परत कुंभार्ली घाटात ऐन चढावर पिकअप गेला, मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत आणि गाडी काही २० च्या वर जाईना. सर्व्हिस सेंटरवाले काय करणार, स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पुसून टाकतात, "साहेब डिझेल खराब असेल" म्हणतात नि बिल हातात देतात. अरे, ह्याच मॉडेलवाल्या सगळ्यांना तोच त्रास आहे, सगळ्यांच्याच पंपावर भेसळ होते का? १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावून दुरुस्त करून द्यायचे, नियम लागू आहेत, ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांत सुरक्षेचा दोष निघाला तर सरकार कंपनीला सक्ती करू शकतं, पण त्यासाठी सरकारकडे ठरावीक प्रमाणात तक्रारी याव्या लागतात, आणि आपले लोक काउंटरवर भांडून घरी जातात. वॉरंटी संपेपर्यंत नुसतं सॉफ्टवेअर अपडेटवर बोळवण, पार्ट बदलायचं नावच नाही, संताप येतो नुसता!