‘जननदर दोनवर आला, आता कुटुंबनियोजन पुरे’? नाही, पुरे नाही

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर सारखा फिरतोय: ‘देशाचा जननदर दोनवर आला, कुटुंबनियोजनाचं काम संपलं. तरुणांना हवं ते मेडिकलमध्ये मिळतं. वर सरकारने सेवा दिली तर मुलं बिघडतील.’

जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुलं, २.० वर आला, हे खरं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातलाच तो आकडा. पण तो खाली आला तो मुख्यतः बायकांच्या ऑपरेशनमुळे: विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांची नसबंदी झालेली, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. ऑपरेशन होतं मुलं झाल्यावर. जिला पहिलाच पाळणा दोन वर्षं लांबवायचाय, तिचं काय? मूल इतक्यात नको किंवा आणखी नको, तरी हाती साधन नाही, अशा विवाहित स्त्रिया एकूण ९.४ टक्के, १५ ते २४ वयात मात्र हे प्रमाण १७-१८ टक्क्यांच्या घरात जातं. अविवाहित मुली तर या आकड्यात धरलेल्याच नाहीत.

मेडिकलमध्ये निरोध मिळतो, ‘७२ तासांची गोळी’ही मिळते. तांबी कोण बसवणार? रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी रक्तदाब कोण बघणार? ‘अंतरा’ हे दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन २०१७ पासून सरकारी केंद्रांत मोफत आहे. त्याने पाळी पुढेमागे होते, कधी थांबते. हे आधी नीट सांगितलं नाही, तर मुलगी घाबरते आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या डोसला येतच नाही. शिवाय लहान गावातला दुकानदार वडिलांच्या ओळखीचा असतो. तिथे तोंड उघडायचं कसं?

राहिलं ‘बिघडण्याचं’. लैंगिकता शिक्षणामुळे मुलं लवकर संबंध ठेवू लागत नाहीत, हे युनेस्कोने २०१८ मध्ये जगभरचे अभ्यास तपासून सांगितलंय. आणि त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणानुसार आपल्या महाराष्ट्रात २०-२४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आहेत. ती मोठ्यांनीच लावून दिली. त्या मुलींना साधन नाकारताना संस्कारांचं नाव घेऊ नये. मला याचा राग येतो.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द आला, म्हणजे अविवाहित स्त्रीही त्यात आली. दवाखान्यातही तेवढं व्हावं: केसपेपर काढतानाच चारचौघांत ‘लग्न झालंय का?’ हे विचारणं आधी थांबवा.