मुंबई जागची हलत नाही

भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर जाऊन आले त्याला बरेच दिवस झाले, पण आमच्या तालमीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज अजून फिरतोय. स्थानक जेमतेम 400 किलोमीटरवर, म्हणजे कोल्हापूर-मुंबईएवढं. महालक्ष्मी एक्सप्रेसने आपण रात्री बसून सकाळी पोचतो, मग यानाला 28 तास कसे लागले? इतक्या जवळ गुरुत्वाकर्षण संपेलच कसं? म्हणजे माणसं तारांनी टांगलेली, चित्रीकरण स्टुडिओतलं आणि भारताने खर्चलेले साडेपाचशे कोटी पाण्यात. मेसेज पाठवणारी मंडळी ओळखीची आहेत, विचारी आहेत, म्हणून नीट उत्तर देतोय.

28 तास हा आकडा खरा आहे. 25 जून 2025 ला आपल्या वेळेनुसार दुपारी 12 वाजून 1 मिनिटाने फ्लोरिडातून फाल्कन 9 रॉकेट उडालं आणि ड्रॅगन यान दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला स्थानकाला जोडलं गेलं. चुकलीय ती तुलना. मुंबई जागची हलत नाही. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने पळतंय. इथून मुंबईचं सरळ रेषेतलं अंतर ते 40 सेकंदांत कापतं. रॉकेट दहाएक मिनिटांत यानाला कक्षेत सोडून मोकळं होतं. पुढचा सगळा वेळ पाठलागाचा.

आणि हा पाठलाग रस्त्यावरच्यासारखा नसतो. पुढची गाडी गाठायला आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. कक्षेत वेग वाढवला की यान वर चढतं, वरची फेरी मोठी आणि चाल मंद, त्यामुळे ते उलट मागे पडतं. म्हणून स्थानकाच्या खालच्या कक्षेत राहायचं, लहान फेरी लवकर पुरी करत अंतर तोडायचं आणि टप्प्याटप्प्याने वर यायचं. उड्डाणाच्या क्षणी स्थानक किती पुढे आहे यावर वेळ ठरते. रशियाचं सोयूझ कधी कधी तीन-साडेतीन तासांतही पोचलंय. शेवटचे काही मीटर तर माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश. समोर चारशे टनांहून जड स्थानक आणि आत माणसं आहेत, तिथे घाई करून चालत नाही.

गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न मात्र मला मनापासून आवडला, कारण त्यातला संशय बरोबर आहे. तिथे गुरुत्वाकर्षण संपत नाही, जमिनीवरच्या सुमारे 90 टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं एकाच वेळी, एकाच गतीने पडत असतात. पण आडवा वेग इतका, की खालची पृथ्वी तेवढीच वळत जाते आणि पडणं संपत नाही. शेजारच्या पोराला घेऊन मी हे गच्चीवर करून बघितलं. प्लास्टिकच्या बाटलीला बुडाशी भोक पाडलं, पाणी भरलं, टोपण काढून ठेवलं. हातात धरली तोवर धार लागलेली. गच्चीवरून सोडली आणि खाली पोचेपर्यंत धार बंद! पोराने पाच वेळा पुन्हा करायला लावलं. बाटलीला कुठलीच तार नव्हती.

पैशांचं बोलायचं तर ते पाण्यात गेले नाहीत. ड्रॅगन स्वतःच जोडलं जातं हे खरं, पण पायलट म्हणून शुक्लांचं काम होतं यंत्रणेवर नजर ठेवणं आणि बिघाड झालाच तर ताबा घेणं. गगनयानच्या, म्हणजे भारताच्या स्वतःच्या मानवी अंतराळ मोहिमेच्या, आधी हा अनुभव आपल्या माणसाला मिळाला. शिवाय भारताचे सात प्रयोग होते. त्यातला एक इथून हायवेने तीनेक तासांवरच्या धारवाडचा, तिथल्या कृषी विद्यापीठाचा आणि आयआयटीचा: मूग आणि मेथीला मोड आणायचा. आपल्या घरी ओल्या फडक्यात बांधलेल्या मुगाचं मूळ खाली वळतं, कारण मुळाच्या टोकातले स्टार्चचे कण खाली बसून त्याला दिशा दाखवतात. जिथे काहीच खाली बसत नाही, तिथे कोंब कसा वाढेल? लांबच्या मोहिमेत ताजं अन्न पिकवायचं तर हे आधी कळायला हवं.

राहिला स्टुडिओ. स्थानक कोल्हापुरातून नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मी रंकाळ्यावरून पाहिलंय: न लुकलुकणारा, ठळक, पिवळसर ठिपका वायव्येकडून चढत आला आणि मध्येच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझला. वेळा नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ अ‍ॅपवर मिळतात. पावसाळ्याचे ढग हटले की पुढची संध्याकाळची वेळ ग्रुपवर टाकतो. संध्यामठाच्या बाजूला भेटू, पाच मिनिटं आधी या.