स्टेम सेलचं इंजेक्शन आणि मामांची पिशवी

आठवडाभर आमच्या तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणे, स्टेम सेलचं एक इंजेक्शन घेतलं की कुठलाही कॅन्सर बरा होतो, केमो लागत नाही, पेशी आपल्याच असल्यानं अपाय शून्य, आणि बाळाच्या नाळेतलं रक्त बँकेत ठेवलं की त्याला जन्मभर कॅन्सरची काळजी नाही. डॉक्टर हे लपवतात, हे शेपूट आहेच.

शेपटापासूनच धरतो. स्टेम सेलचा खरा उपचार म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, रक्त तयार करणाऱ्या पेशी नव्यानं भरणं. टाटा हॉस्पिटलात देशातलं पहिलं १९८३ साली झालं. अमेरिकेचे डॉ. डॉनल थॉमस यांना ह्याच कामासाठी १९९०चं नोबेल मिळालं. लई भारी लपवलंय!

आता ‘केमो लागत नाही’. इथं मेसेज सपशेल उलटा आहे. माझ्या मामांना मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं त्यांना मुंबईला नेलं. तिथं त्यांच्याच रक्तातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, मशीनवर वेगळ्या काढून गोठवल्या. मग मेल्फालान हे केमोचं औषध एवढ्या जोरानं दिलं, की कॅन्सरच्या पेशींबरोबर रक्त तयार करणारा बोन मॅरोही झोपला. त्यानंतर ती पिशवी कोमट पाण्यात वितळवून सलाइनसारखी लावली. खोलीभर लसणासारखा वास. पेशी गोठवताना डीएमएसओ नावाचं रसायन घालतात, त्याचा. मामा म्हणाले, “रस्सा आणलास काय रं?” पुढचे दहा-बारा दिवस मात्र तोंडभर फोड, पाणीसुद्धा गिळवेना. करवीर तालुक्यातला उसाचा शेतकरी तो, त्यानंच मला नेमकं सांगितलं: “तणनाशकानं सगळं रान जाळलं, आता बी टाकलंय.” तण मारलं केमोनं, पेशींनी रान परत हिरवं केलं. आणि डॉक्टरांनी ‘बरा झाला’ असं एकदाही म्हटलं नाही. ‘आटोक्यात आहे’ म्हणाले.

‘कुठलाही कॅन्सर’ हेही नाही. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा अशा रक्ताच्या कॅन्सरमध्ये ह्याचा मुख्य उपयोग. स्तनाच्या कॅन्सरवर जबर केमो आणि मागोमाग मूळ पेशी हा प्रयोग १९९०च्या दशकात अमेरिकेत जोरात चालला. १९९९ साली चाचण्यांचे निकाल आले, त्यांत नेहमीच्या केमोपेक्षा फायदा दिसेना. फायदा ठळक दाखवणारे दक्षिण आफ्रिकेचे डॉ. बेझवोडा होते, आणि २०००मध्ये त्यांची कागदपत्रं तपासली तर अभ्यासच खोटा निघाला. आपल्याकडं मावा-तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो, त्यावर आजही भिस्त शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमोवरच आहे.

‘आपल्याच पेशी, म्हणून अपाय शून्य’ वाचून तर मी कपाळाला हात लावला. ल्युकेमियात पुष्कळदा मुद्दाम दुसऱ्याच्या पेशी घेतात, कारण दात्याच्या पेशी उरलासुरला कॅन्सर शोधून मारतात. त्याच पेशी कधी रुग्णाच्या कातडीवर, यकृतावर, आतड्यावरही उलटतात. आणि मॉस्कोत गर्भाच्या मेंदूतल्या मूळ पेशी टोचून घेतलेल्या एका मुलाच्या मेंदूत त्या परक्या पेशींचीच गाठ वाढली. हे २००९ साली छापून आलंय.

नाळेचं थोडक्यात. मुलाला ल्युकेमिया झालाच, तर रोगाचं बी त्याच्या नाळेतल्या रक्तात आधीपासून असू शकतं, म्हणून ते सहसा त्यालाच देत नाहीत. फक्त स्वतःसाठी ते साठवायला शास्त्रीय आधार नाही, हे आयसीएमआरनंच, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनंच, सांगितलंय. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता मात्र २५ टक्के असते, तेवढं लक्षात ठेवा.

आयसीएमआरच्या २०१७च्या नियमांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडं स्टेम सेल वापरायच्या तर त्या फक्त नोंदणी झालेल्या चाचणीत.

मेसेजच्या तळाशी एक मोबाइल नंबर होता. परवा रंकाळ्यावर बसल्या बसल्या लावला आणि तुमच्या चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी नंबर काय म्हणून विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, “आधी टोकन भरा, साहेब, मग सांगतो.”