सोप्यावरचा धूर आणि घरातली भीड

गणपतीच्या चवथीला आम्ही गोव्यात फोंडा तालुक्यातल्या मूळ घरी होतो. माझी दीड वर्षांची मुलगी आधीच सर्दीने बेजार होती, तिला धुरापासून दूर ठेवा असे डॉक्टरांनी बजावले होते आणि हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही आरती आटोपताच माझे एक चुलत सासरे सोप्यावर, म्हणजे घरापुढच्या पडवीत, येऊन बसले आणि त्यांनी सिगारेट पेटवली. पाऊस पडत असल्यामुळे घरची सगळी मुले सोप्यावरच खेळत होती. मी जवळ जाऊन, आवाज जराही न चढवता, "काका, बाळीला त्रास होतो, पाऊस ओसरल्यावर कुंपणाच्या गडग्यापलीकडे जाऊन ओढाल का?" असे विचारले. "मी बाहेरच बसलोय गो, सोपा म्हणजे काय घर?" असे म्हणून त्यांनी आणखी एक झुरका घेतला. पावसाबरोबर येणारा वारा तो धूर सरळ दारातून माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताखाली, आणि तिथून आतल्या खोलीत ढकलत होता, हे डोळ्यांना दिसत होते. आत झोपायला नेलेली माझी मुलगी खोकू लागली. रात्री तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तेव्हा विसर्जनाची वाट न पाहता आम्हाला तिला म्हापशाला परत न्यावे लागले आणि नेब्युलायझर लावावा लागला.

त्या एका रात्रीचा सगळा दोष मी एका सिगारेटवर टाकत नाही, सर्दी तिला आधीच होती. पण आजारी मुलाच्या श्वासनलिकेवर आणखी भार टाकायचा नसतो, एवढे समजायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही. मला सर्वांत जास्त जाळले ते त्यानंतरच्या बोलण्याने. जाऊबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले की वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत असे बोलायचे नसते. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी घरभर विड्यांचा धूर असायचा, पोरे वाढलीच ना?" आणखी कोणी तरी म्हणाले की कापराचा आणि उदबत्तीचा धूर चालतो, मग हाच कसा चालत नाही? तोही लहान मुलांना चांगला नाही आणि मुलीच्या खोलीतली उदबत्ती मी सकाळीच विझवली होती, परंतु ते कोणी ऐकून घेतले नाही. दीड वर्षांच्या मुलीचा श्वास कोंडला त्याचे कोणालाच काही वाटले नाही, आणि सत्तरीच्या माणसाचा मान दुखावला याची मात्र रात्रभर चर्चा झाली.

"आम्हाला कुठे काय झाले" हे वाक्य मी आता ऐकून घेणार नाही. ज्यांना झाले, त्यांच्या खोकल्याला तुम्ही धुराचे नाव कधी दिलेच नाही. मुलांचे कान पुन्हा पुन्हा फुटतात, दमा बळावतो, ब्राँकायटिस आणि न्यूमोनिया होतो, फुप्फुसांची वाढ मंदावते, तान्ह्या बाळांच्या झोपेतच होणाऱ्या आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो, आणि या सगळ्यामागे दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर असू शकतो हे केव्हाच सिद्ध झाले आहे. मूल मोठ्या माणसापेक्षा भराभर श्वास घेते, त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि त्याला खोलीतून उठून जाता येत नाही. शिवाय ओढणारा निदान फिल्टरमधून ओढतो, तर दोन झुरक्यांच्या मध्ये जळत्या टोकाकडून निघणारा धूर कशातूनही गाळला न जाता शेजारच्याच्या नाकात जातो.

ही काही कालची माहिती नाही. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी १९८१ साली दाखवून दिले की स्वतः कधीही सिगारेट न ओढणाऱ्या, पण ज्यांचे नवरे भरपूर ओढतात अशा बायकांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. जगभरच्या २००४ सालच्या आकडेवारीवरून काढलेल्या अंदाजानुसार, दुसऱ्याच्या धुरामुळे वर्षाला सुमारे सहा लाख माणसे मरत होती आणि त्यांत एक लाख पासष्ट हजार मुले होती. आमच्या घरात हे सांगायला गेले की शिकलेल्या सुनेचा तोरा म्हणतात.

गोव्याने १९९७ मध्येच धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा कायदा केला, देशाचा कायदा त्यानंतर २००३ मध्ये आला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तंबाखूचे सेवन सर्वांत कमी असलेले राज्य गोवा ठरले, प्रौढांपैकी ९.७ टक्के. याचा अभिमान मलाही आहे. परंतु कायदा सार्वजनिक जागेपुरता आहे, तो उंबरठ्याबाहेरच थांबतो, आणि मुलांचा बहुतेक वेळ उंबरठ्याच्या आत जातो. इंग्लंडमध्ये २०१५ पासून मुले बसलेली असताना मोटारीत सिगारेट ओढता येत नाही. इथे मात्र लग्नाला जाताना भाड्याच्या गाडीचा चालक काच चार बोटे खाली करून सिगारेट पेटवतो, मागे तीन मुले बसलेली असतात आणि पुढच्या सीटवरचा नवऱ्याचा मित्र त्याला काडेपेटी देतो. काच उघडी ठेवली की धूर गेला, पंखा लावला की धूर गेला, या समजुतीची मला मनापासून चीड आहे. धूर दिसेनासा होतो, पण त्यातली घाण पडद्यांवर, गाद्यांवर आणि ओढणाऱ्याच्या सदऱ्यावर उरते, आणि तोच सदरा घातलेला माणूस "ये गो बाळा" म्हणत मुलीला मांडीवर घेतो. तेव्हाही मी नको म्हटले की आईचे काळीज फारच हळवे.

नवऱ्यालाही मी सोडणार नाही. घरी परतल्यावर त्याने मला बरोबर ठरवले, पण सोप्यावर काकांसमोर तो गप्प होता. त्याचे चुलत भाऊही गप्प होते, आणि त्यांतल्या दोघांना स्वतःची लहान मुले आहेत. सगळा वाईटपणा बाहेरून आलेल्या सुनेने घ्यायचा आणि सगळ्यांनी मागून तिला समजवायचे, ही कसली रीत?

आता मी नवऱ्याला सांगितले आहे की दिवाळीच्या फोवांना, म्हणजे पोह्यांच्या फराळाला, मूळ घरी यायचे असेल, तर काकांशी आधी त्याने स्वतः बोलायचे, माझ्या तोंडून नाही. सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत फोन क्रमांक छापलेला असतो, १८००-११-२३५६. काकांना तो लावून द्यायचे काम त्याच्या थोरल्या चुलत भावाने करावे, कारण काका त्याचेच वडील आहेत. त्यांनी सोडली तर त्यांचेही आयुष्य वाढेल, आणि ते वाढावे असे मला खरोखरच वाटते. नाही सोडली, तर मुले घरात असेपर्यंत सिगारेट गडग्यापलीकडे, पाऊस असला तरी छत्री घेऊन. हे कबूल नसेल, तर यंदा आमचे फोव म्हापशालाच होतील.