‘तेच ते’ म्हणण्याआधी

24 फेब्रुवारी 2023 रोजी ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’ या जपानी रोल-प्लेइंग गेमचा, म्हणजे पात्रांच्या भूमिकेत शिरून कथा पुढे नेण्याच्या व्हिडिओ गेमचा, दुसरा भाग आला आणि त्याच आठवड्यात सांगलीहून मामेभावाचा निरोप आला : “ताई, तेच ते आहे गं. तीच ठिपक्यांची माणसं, तीच पाळीपाळीची मारामारी. सेल लागेपर्यंत थांब.” मी टोकियोच्या पूर्वेला, निशी-कासाईत राहते, आणि तोवर माझे दहा-बारा तास खेळून झाले होते. त्याने स्वतः तो अजून उघडलाही नव्हता. त्याने परीक्षणे वाचली होती. हे मी त्याला हिणवण्यासाठी लिहीत नाही. पहिला भाग जुलै 2018 मध्ये आला तो फक्त निन्टेन्डोच्या स्विचवर, आणि ते यंत्र भारतात अधिकृतपणे विकले जात नव्हते. संगणकावर तो यायला जून 2019 उजाडले. म्हणजे सांगलीतल्या मुलाच्या हाती गेम पडण्याआधी जवळजवळ वर्षभर त्या गेमविषयीची मतेच पडत होती. दुसरा भाग संगणकावर पहिल्याच दिवशी आला, पण मते आधी ऐकण्याची सवय एव्हाना लागून गेली होती.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्क्वेअर एनिक्स आणि ॲक्वायर या दोन जपानी कंपन्यांनी मिळून केलेला हा खेळ नव्वदच्या दशकातील सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या खेळयंत्रावरच्या खेळांच्या वळणाचा आहे. त्यातली माणसे ठिपक्यांची आणि सपाट असतात, पण ती ज्या गावांत वावरतात ती गावे मात्र त्रिमित असतात. कंदिलाचा उजेड पाण्यावर हलतो, लांबचे डोंगर धूसर होत जातात, आणि एकूण दृश्य गणपतीत मांडलेल्या देखाव्याकडे जरा वाकून पाहावे तसे दिसते. या शैलीला कंपनीने ‘एचडी-टूडी’ असे नाव दिले आहे. प्रवासी आठ, कथा आठ, आणि कोणापासूनही सुरुवात करण्याची मुभा. आठांच्या नावांची रोमन आद्याक्षरे जुळवली की शीर्षकातला ‘ऑक्टोपॅथ’ हा शब्द तयार होतो. जपानी लिपीत मात्र तो शब्द आणि ऑक्टोपस अगदी एकसारखे लिहिले जातात, त्यामुळे इथे या खेळावर समुद्री विनोद बरेच होतात. बोलताना लोक नुसते ‘ओकुतोरा’ म्हणतात.

समीक्षकांनी दुसऱ्या भागाचे स्वागत चांगलेच केले. परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर पहिला भाग 83 च्या आसपास होता, दुसरा 85 च्या आसपास आहे. यासुनोरी निशिकी यांचे संगीत, शत्रूची ढाल मोडून मग जोर साठवून घाव घालण्याची लढाईची पद्धत, पूर्वीपेक्षा गडद आणि भारदस्त कथा, या तिन्हींची स्तुती बहुतेक ठिकाणी वाचायला मिळाली. पण तिच्या पाठोपाठ एक वाक्य हमखास यायचे, की हा भाग ‘सुरक्षित’ आहे, त्याने पहिल्याला फक्त घासूनपुसून घेतले आहे. भावाच्या ‘तेच ते’चा उगम तिथला. आमच्या नात्यातल्या आणि ओळखीतल्या गेम खेळणाऱ्यांचा जो गट आहे, त्यात यावर पंधरवडाभर वाद चालला, आणि दोन्ही बाजू एकाच गोष्टीवर बोलत होत्या : जुने वळण चांगले की वाईट. माझे म्हणणे असे, की तो प्रश्नच चुकीच्या जागी विचारला गेला.

पहिल्या भागाची खरी खोट आठवून पाहा. प्रिमरोज ही नर्तकी वडिलांच्या मारेकऱ्यांच्या शोधात निघालेली असते. तिच्याबरोबर तुमचे आणखी तिघे चालत असतात. दाराशी झालेल्या लढाईत ते तिच्या खांद्याला खांदा लावून उभे राहतात. मग कथेतला प्रसंग सुरू होतो आणि ते तिघे नाहीसे होतात. ती शत्रूसमोर एकटी उभी असते, एकटीच बोलते, एकटीच रडते. प्रसंग संपला की पुन्हा लढाई, आणि पुन्हा ते तिघे हजर! मधूनच पडद्याच्या कोपऱ्यात खूण उमटे आणि बटण दाबले तर कोणीतरी दोघे चार वाक्ये बोलून घेत. न दाबले तर तेही नाही. आठही कथांना जोडणारा धागा होता, पण तो सगळे संपल्यानंतर, आडवाटेने गेल्यास सापडणाऱ्या शेवटच्या अवघड टप्प्यात दडवलेला होता, आणि असंख्य खेळाडूंनी तो कधी पाहिलाच नाही.

या खोटीला परदेशी परीक्षणांत अनेकदा ‘जुनाट’ म्हटले गेले. माझ्या कचेरीत एक ज्येष्ठ सहकारी आहेत, सुपर फॅमिकॉमवर वाढलेले. जेवणाच्या सुट्टीत मी हा विषय काढला तेव्हा त्यांनी बेन्तोच्या डब्याचे झाकण उलटे ठेवून त्यावर चॉपस्टिकने रेघा ओढत मला एक वंशावळच सांगितली. तुम्ही लोक याची तुलना 1994 च्या ‘फायनल फँटसी 6’ शी करता, ते म्हणाले, आणि त्या खेळात तर पात्रे एकमेकांत किती गुंतलेली आहेत! मग हा दोष जुनेपणाचा कसा? हा खेळ दुसऱ्या घराण्याचा आहे. 1992 च्या ‘रोमान्सिंग सागा’त आठ नायक होते आणि त्यांतला कोणीही निवडता येत असे. 1994 च्या ‘लाइव्ह अ लाइव्ह’मध्ये वेगवेगळ्या काळांतल्या सुट्या कथा शेवटी एका धाग्यात ओवल्या जात. यांतला पहिला खेळ जपानबाहेर अधिकृतपणे पोहोचला तो 2005 मध्ये, नव्याने केलेल्या रूपात; दुसरा थेट 2022 मध्ये, तोही याच एचडी-टूडी शैलीत. ज्यांनी हे घराणे ऐकलेलेच नाही त्यांना त्यातली चीज विस्कळीत वाटणारच. घराणे हा शब्द अर्थात माझा. त्यांनी ‘केइफु’ म्हटले, म्हणजे वंशावळ.

इथवर मला ते सोयीचे वाटत होते. पण त्यांनी पुढे सांगितले, की त्यांना दुसरा भाग पहिल्याइतका आवडलेला नाही, कारण तो फार जोडतो, फार समजावून सांगतो. पहिल्यात धागा शोधून काढावा लागे, आणि तीच खरी गंमत होती. सांगलीत ज्याला ‘काहीच बदलले नाही’ असे म्हणत होते, त्याला टोकियोतला हा जुना खेळाडू ‘फार बदलले’ म्हणत होता. परदेशी समीक्षकांना नवेपणा हवा आणि जपानी माणसाला परंपरा, अशी सोपी वाटणी करायचा मोह इथे होतो, आणि ती वाटणी मी टाळते. माझ्या कचेरीतल्या पंचविशीतल्या मुलांना या घराण्याशी काही देणेघेणे नाही. लोकलमध्ये ती मोबाइलवरचे खेळ खेळतात आणि ‘ओकुतोरा’ म्हटल्यावर त्यांना त्याची मोबाइल आवृत्ती आठवते. शिवाय पहिल्याचा नमुना 2017 मध्ये बाहेर आल्यावर निर्मात्यांनी खेळाडूंकडून हजारोंनी अभिप्राय मागवले होते आणि त्यांवर जाहीर उत्तरेही दिली होती. असे निर्माते परंपरेच्या ओझ्याखाली वाकलेले नसतात.

मग दुसऱ्या भागाने केले काय? दोन-दोन प्रवाशांच्या चार जोड्या करून प्रत्येक जोडीला स्वतंत्र उपकथा दिली. आठही कथा संपल्यावर एक उघड, सर्वांना सापडेल असा शेवटचा अध्याय ठेवला. आणि सोलिस्टिया नावाच्या त्या खंडाला, ज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे समुद्राने वेगळे केले आहेत, दिवस आणि रात्र दिली. हे शेवटचे कागदावर किरकोळ वाटते. खेळताना नाही. एक बटण दाबले की सूर्य मावळतो, तीच धून हलक्या वाद्यांवर उतरते, चौकातली माणसे बदलतात, आणि तुमच्या हातातले कसबही बदलते. टेमेनोस हा धर्मपीठाचा चौकशी अधिकारी दिवसा भाविकांना वाट दाखवतो आणि रात्री तीच माणसे कोपऱ्यात घेऊन दटावून माहिती काढतो. ओस्वाल्ड हा विद्वान दिवसा निरखतो, रात्री लुबाडतो. कास्टी ही औषधे देणारी बाई दिवसा विचारपूस करते आणि रात्री लोकांना गुंगी देऊन झोपवते. पार्टिशियो हा व्यापारी दिवसा वस्तू विकत घेतो आणि रात्री माणसे भाड्याने घेतो. रस्त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाची दोन-तीन ओळींची एक हकीगत असते, आणि ती कळल्यावर त्याच्या खिशातली वस्तू उचलताना हात थोडा अडखळतो. मी एका संध्याकाळी मुख्य कथा सोडून नुसती एका गावात दिवस-रात्र करत बसले होते. जेवण गार झाले.

हा बदल खेळाला ‘आधुनिक’ करत नाही. सुटी माणसे, सुट्या वाटा, आणि त्या वाटांवर भेटणारे अनोळखी लोक, हा या घराण्याचा जो मूळ स्वर आहे, तोच तो अधिक भरून लावतो. म्हणून ‘सुरक्षित’ हा शब्द मला आळशी वाटतो. माझे मामा सांगलीचे, म्हणजे विष्णुदास भावे यांच्या गावचे. पदे कापून अडीच तासांत बसवलेल्या संगीत नाटकाला ते संगीत नाटक म्हणायला तयार नसतात. त्यांचाच मुलगा जपानी खेळाने आपली पदे कापली नाहीत म्हणून ‘तेच ते’ म्हणतो, आणि बापलेकांना यात काही विसंगती दिसत नाही.

नावाचाही एक प्रश्न आहे. दुसरा भाग आला त्याच सुमारास, ‘फायनल फँटसी 16’ चे निर्माते नाओकी योशिदा यांनी एका मुलाखतीत सांगितले, की ‘जे-आरपीजी’ (जपानी रोल-प्लेइंग गेम) हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो जपानी निर्मात्यांना भेदभावाचा वाटला होता. माझ्या घराजवळच्या दुकानात फळीवर नुसते ‘आरपीजी’ लिहिलेले असते. ते ‘जे’ अक्षर बाहेरच्यांनी लावलेले. मराठी चित्रपटाला दिल्लीत ‘प्रादेशिक’ म्हणतात तेव्हा आपल्याला जे खुपते, तेच हे. लेबल एकदा चिकटले की दोष कृतीचा राहत नाही, जातीचा होतो. 2023 च्या अखेरीस ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम रोल-प्लेइंग खेळासाठी पाच नामांकने झाली, त्यांत ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर 2’ नव्हता. जपानच्या वाट्याला जागा होती, ती योशिदांच्या खेळाला मिळाली, पण त्याने पाळीपाळीची लढाई सोडून दिलेली होती. जुन्या जपानी वळणाचा ठिपक्यांचा खेळ म्हणून त्या यादीत होता ‘सी ऑफ स्टार्स’, तो कॅनडातल्या क्वेबेकमध्ये तयार झालेला. आणि जिंकला ‘बाल्डर्स गेट 3’, बेल्जियमचा, ज्यातली मारामारी शंभर टक्के पाळीपाळीची आहे. हे मी भावाला मुद्दाम कळवले. त्याने अंगठा पाठवला, वर की खाली ते सांगत नाही.

दुसरा भाग निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. चालता चालता दर वीस पावलांवर अचानक पडणारी लढाई मलाही कंटाळवाणी होते, विशेषतः ज्या वाटेने आधीच एकदा गेलो तिथे. चार जोड्यांच्या उपकथांपैकी एखाददुसरी इतकी लहान आहे की ती कर्तव्य म्हणून लिहिल्यासारखी वाटते. थ्रोने या चोरट्या मुलीची कथा जिथे पोहोचते ते इतके भयंकर आहे, की लगेच पुढच्या गावात सगळे नेहमीसारखे चालू लागतात तेव्हा बसलेला सूर मोडतो.

भावाने तो अखेर सेलमध्ये घेतला. सुरुवात ओस्वाल्डपासून केली, ज्याला बायको आणि मुलीच्या खुनाच्या खोट्या आरोपाखाली बर्फाळ बेटावरच्या तुरुंगात टाकलेले असते आणि जो हार्वी नावाच्या माणसाचा सूड घ्यायला बाहेर पडतो. तीनेक आठवड्यांनी रात्री त्याचा निरोप आला, इथे पहाट व्हायची होती : “ताई, ओस्वाल्ड हार्वीसमोर उभा आहे. एवढी वर्षं ज्याच्यासाठी काढली तो माणूस. आणि आपली बाकीची मंडळी त्या वेळी नक्की कुठे असतात? बाहेर चहा पितात का?”

कचेरीतल्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी दुसऱ्या दिवशी हे भाषांतर करून सांगितले. ते हसले आणि म्हणाले, पहिल्या भागातही बाहेरच चहा पीत होते, फक्त त्या वेळी कोणी शोधायला गेले नाही. भावाला मी हे कळवले तेव्हा तो म्हणाला, की हे उत्तर नव्हे. खरेच नव्हे.