समोरच्याच्या डोळ्यांचं काय?

विषय काढला पिंट्यानेच. गाडीच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब घालणाऱ्यांवर कारवाई सुरू झाल्याची बातमी सगळ्यांच्या मोबाईलवर येऊन गेली होती, आणि नेमका त्याच दिवशी हा गडी तसल्याच बल्बचं खोकं बगलेत मारून कट्ट्यावर हजर. कराडच्या कोल्हापूर नाक्याजवळच्या आमच्या कट्ट्याला गाड्यांच्या गप्पा नव्या नाहीत. बसणारे निम्मे ड्रायव्हर, बाकीचे गॅरेजवाले, आणि मी कारखान्याच्या वजनकाट्यावरचा.

“दोनशे वॅट! वीस हजार लुमेन!” पिंट्याने खोक्यावरचं मोठ्याने वाचून दाखवलं. “कुंभार्ली घाटात आता दिवस उगवंल, दिवस!”

गॅरेजवाल्या रज्जाकभाईंनी बल्ब हातात घेतला. चष्मा कपाळावर सरकवून मागची वायर चिमटीत धरली. “दोनशे वॅट लिवलंय व्हय? आन वायर बघ की ही. दोनशे वॅट हितनं गेलं तर आधी हिचाच उजेड पडंल.”

पिंट्याची गाडी म्हणजे त्याच्या वडिलांची टाटा सोळा-तेरा ट्रक. २००८ची, नाकवाली, गोल सात इंची दिव्यांची. कराड-चिपळूण धंदा, जाताना साखर नाहीतर भाजी, येताना चिरा. गाडी जुनी असली तरी इंजिन ठणठणीत आहे, ते मान्यच करावं लागतं. दिव्यांबद्दलची त्याची तक्रारही खोटी नाही. पाटण सोडलं की कडेचा पांढरा पट्टा दिसत नाही, हेळवाकच्या पुढे वळण अंदाजाने घ्यावं लागतं, आणि खड्ड्यांनी महिन्या-दोन महिन्याला बल्बची तार तुटते. तक्रार खरी आहे. त्याने शोधलेल्या औषधाशी मात्र माझं भांडण आहे, आणि ते मी इथे लपवणार नाही.

“पण उजेडाचा कट बरोबर येतोय की भाई,” पिंट्या म्हणाला. लगेच मोबाईल काढून त्याने व्हिडिओ लावला. पिंट्याचं सगळं ज्ञान व्हिडिओतलं. मागच्या वर्षी व्हिडिओ बघून डिझेलमध्ये कसलंसं औषध ओतलं होतं आणि फिल्टर बदलायला रज्जाकभाईंकडेच आला होता. “हे बगा, भिंतीवर कशी सरळ रेघ पडलीया.”

“व्हिडिओत भिंत दिसती रं,” रज्जाकभाई म्हणाले. “समोरनं येणारा माणूस कुठं दिसतोय?”

मग ते उठून दुकानात गेले आणि उडालेला एक एच-फोर बल्ब घेऊन आले. चोवीस व्होल्टचा, पंचाहत्तर-सत्तर वॅटचा. काच काळवंडलेली, पण आतलं सगळं दिसत होतं. तळहातावर आडवा धरून त्यांनी टोकाने बोट दाखवलं. आत दोन तारा. पुढची डिपरची म्हणजे खालच्या झोताची, मागची अप्परची म्हणजे लांबच्या झोताची. पुढच्या तारेच्या खाली पत्र्याची एक इवलीशी वाटी, नखाएवढीही नाही, एका बाजूला किंचित तिरकी कापलेली.

“सगळा खेळ या वाटीचा हाय. डिपर दिला की पुढची तार पेटती. तिचा खालचा उजेड ही वाटी अडवती, वरचा तेवढा रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावर पडतो, आन तिथनं रस्त्यावर खाली उतरतो. वर काय बी जात न्हाय. अप्परला मागची तार, तिला वाटी न्हाय, म्हणून तिचा उजेड लांब आन वर जातो. आता तुजी एलईडी बघ. पट्टी, पट्टीच्या दोन अंगाला चिपा. तार हुती त्या जागी उजेड न्हायच. केसभर पुढंमागं झालं की रिफ्लेक्टरला कळत न्हाय उजेड कुठं टाकायचा. त्यो बिचारा दिसंल तिकडं टाकतो. झाडावर, आभाळात, समोरच्याच्या डोळ्यात.”

हे ऐकताना मला वाटलं, ही वाटी आरटीओच्या दारात काचेच्या पेटीत ठेवावी. दिवा बनवणाऱ्याने रिफ्लेक्टर आणि काच त्या तारेच्या जागेवरूनच घडवलेली असते. बल्ब बदलला तर दिव्याचं गणितच बदललं, हे दुकानदार सांगत नाही आणि खोक्यावर छापलेलं नसतं.

“मग नव्या गाड्यांना एलईडी कशी चालती?” पिंट्या हटेना.

“नव्या गाडीला दिवाच एलईडीचा असतो. काच, रिफ्लेक्टर, गार करायचा पत्रा, सगळं तिच्या मापानं. एलईडीशी माजं काय वैर न्हाय. तुजा गोल दिवा सात इंची हाय, त्या मापाचा अख्खा एलईडी दिवा मिळतो. चोवीस व्होल्टवर चालणारा, प्रमाणित केलेला आण, मी सवता बसवून देतो. पण घोड्याचं खोगीर हाल्याला घालू नगंस.”

“जर्मनीत असलेच बल्ब पास झालेत,” पिंट्याने हुकमाचा एक्का काढला.

यावर मलाच तोंड घालावं लागलं, कारण अर्धी गोष्ट सांगून तो पुढे निघाला होता. २०२० साली जर्मनीत ओसरामच्या अशा एलईडी बल्बला पहिल्यांदा परवानगी मिळाली, हे खरं आहे. पण ती सरसकट नाही. कोणत्या गाडीच्या कोणत्या दिव्यात तो बसवून तपासलाय, त्याची यादी असते. यादीत तुमची गाडी असेल तरच चालतो. म्हणजे जर्मनांनीसुद्धा हेच मान्य केलं की बल्ब एकटा पास होत नाही, दिव्यासकट पास होतो.

“त्या यादीत सोळा-तेरा हाय का बघ,” कट्ट्यावरचा आमचा दिग्या म्हणाला. “नसंल तर तुज्या वडलांना घालायला सांग.”

नाना एवढा वेळ गप्प होते. नाना म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. गुहागर-विजापूर रस्ता त्यांना डोळे मिटून पाठ आहे. अलीकडे दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि रात्रीची गाडी त्यांनी सोडलीय.

“आमच्या टायमाला हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा रंग मारायचे,” नाना म्हणाले. “समोरच्याला तरास नगो म्हणून. आन लांबनं गाडी दिसली की डिपर. त्यो बी द्यायचा. वळख ना पाळख, पन राम राम झाल्यासारखं वाटायचं. प्रत्येक गाडीच्या मागं लिवलेलं असतं की, रात्री डिपर वापरा म्हणून. आता ह्यांचा डिपरच अप्परच्या वर. म्या हात दाखवतो, लाइट मारतो, त्यो म्हणतो माजा डिपरच हाय. मंग दोगं बी अप्पर टाकून बसत्यात. कोण आधी आंधळा हुतो बघू!”

“नाना, तुमी डिपर द्यायचा बंद केला त्यो दिसत न्हाय म्हणून का इसरता म्हणून?” दिग्या.

“तुजा लग्नातला राहिलेला आहेर इसरलो न्हाय अजून. पन्नास रुपयं!”

धुक्याचा विषय निघाला तेव्हा नाना पुन्हा सरसावले. जुलै-ऑगस्टात कुंभार्लीत जे धुकं उतरतं त्यात बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. नाना दिव्याला पिवळा जिलेटीन कागद बांधायचे. पिंट्याने लगेच तोच मुद्दा उचलला, की मी पण पिवळा कागद लावीन, मग तर झालं. रज्जाकभाईंनी मान हलवली.

“रंग नंतर. धुक्यात घात करतो त्यो वर जाणारा उजेड. वर गेला की धुक्याला थडकून तुज्याच डोळ्यात येतो. पांढरा असू दे न्हायतर पिवळा. खाली बांधून टाकलेला कमी उजेड धुक्यात जास्त दाखवतो.”

मी काट्यावर बसतो. हंगामात दोन पाळ्या संपवून रात्री दुचाकीवर घरी जातो, म्हणून मी या विषयावर गप्प बसू शकत नाही. दिवाळीनंतर आमच्या रस्त्यावर काय काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. उसाच्या बैलगाड्या, मागे दिवा नाही. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारं वाढं, आणि लाल पट्टी असलीच तर धुळीने माखलेली. समोरून असला पांढरा झोत आला आणि गेला, की त्यानंतर काही सेकंद सगळा रस्ता काळा होतो. ताशी ४० किलोमीटरने गेलं तरी सेकंदाला ११ मीटर अंतर जातं. तीन सेकंद डोळ्यांना काही दिसलं नाही तर तेहतीस मीटर आपण आंधळे चालतो. त्या तेहतीस मीटरमध्ये बैलगाडी असेल तर? ट्रकवाला तर केव्हाच पुढे निघून गेलेला असतो. मागे काय झालं ते त्याला कधी कळतही नाही. त्याच्या मते त्याने रस्ता उजळला. अपघाताच्या कागदावरही ‘मागून धडक’ एवढंच लिहिलं जातं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९च्या, नियम १०६ याच गोष्टीसाठी आहे. दिव्यापासून आठ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवता कामा नये, इतका झोत खाली वळलेला हवा. दीड मीटर म्हणजे दुचाकीवर बसलेल्या माणसाचे आणि रस्त्याकडेने चालणाऱ्या बाईचे डोळे. नियम लिहिणाऱ्याने समोरच्या माणसाला उभा करून मापं घेतलीत. म्हणून कारवाईला माझा पाठिंबा आहे, पूर्ण पाठिंबा आहे. फक्त ती नाक्यावर उभं राहून पावत्या फाडण्यापुरती नको, हे बल्ब राजरोस विकणाऱ्या दुकानांतही व्हावी.

“म्हणजे म्या आंधळ्यासारखी गाडी चालवू?” पिंट्या आता खरंच चिडला. “तुमी सगळे कट्ट्यावर बसून बोलताय. घाटात मी असतो!”

प्रश्न रास्त होता. रज्जाकभाईंनी उत्तर दिलं नाही. मल्टिमीटर घेतला आणि रस्त्यापलीकडे उभ्या गाडीकडे निघाले. आम्ही मागोमाग. इंजिन चालू केलं, दिवे लावले. बॅटरीवर मीटर लावला, सत्तावीस पूर्णांक सहा व्होल्ट. मग डावा दिवा पेटलेला असतानाच त्याच्या होल्डरला मागून लावला. तेवीस पूर्णांक चार.

“चार व्होल्ट वाटंत कुणी खाल्लं?” रज्जाकभाईंनी विचारलं.

“टोलनाक्यावर दिलं असतील,” दिग्या.

“जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्वीचमधनं, डिपरच्या दांडीतनं फिरून येतो. वायर जुनी, कनेक्शन हिरवं पडलेलं, अर्थिंगचा बोल्ट गंजलेला. व्होल्ट सातव्या हिश्श्यानं कमी झालं की उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. तुजा बल्ब बारका न्हाय पिंट्या, उपाशी हाय.”

उपाय साधा होता, आणि तो मी इथे मुद्दाम सविस्तर लिहितोय. बॅटरीपासून जाड वायर फ्यूज घालून थेट दिव्यांपर्यंत आणायची, मध्ये चोवीस व्होल्टचे दोन रिले, एक अप्परला, एक डिपरला. जुनी दांडी मग फक्त रिलेला हुकूम देते, करंट तिच्यातून जात नाही. अर्थिंग घासून नवी. रिफ्लेक्टरची चांदी उडालेली आहे, तो काचेसकट बदलायचा. बल्ब कंपनीचाच पंचाहत्तर-सत्तर, पण धक्के सोसणारा जाड तारेचा. शंभर-नव्वदचा घालायचा मोह नको. त्याने होल्डर वितळतो. आणि शेवटी भिंतीसमोर दहा मीटरवर गाडी लावून झोत खाली घ्यायचा, दहा-वीस सेंटिमीटर. ते सुद्धा माल भरलेल्या गाडीवर. रिकाम्या गाडीवर सेट केलं की भरल्यावर मागचे स्प्रिंगचे पाटे दबतात, नाक वर होतं आणि चांगला डिपरही समोरच्याच्या तोंडावर जातो. गाडी आठ वर्षांच्या पुढची असल्याने फिटनेस दर वर्षी आहेच. तिथेही हाच दिवा चालेल.

“ह्यात तुमचा धंदा हाय म्हणून सांगताय,” पिंट्या पुटपुटला.

“धंदा बघितला असता तर तुजी एलईडीच बसवली असती. पावसाळ्यात पंखा चिखलानं जाम झाला की परत आला असतास. वायर एकदाच टाकायची असती बाबा.”

पिंट्या जरा नरमला, असं मला वाटलं. त्याने खोकं बंद केलं. मग म्हणाला, “बरं, वायर टाकू. पण ते बॅटरीवरनं थेट म्हणताय, ते एकाच बॅटरीवरनं घेतलं तर स्वस्तात...”

रज्जाकभाईंनी कपाळावर हात मारला. आणि दिग्याच्या थोरल्या भावाचं लग्न पुन्हा सुरू झालं.

ती गोष्ट कट्ट्यावर सगळ्यांना पाठ आहे. वऱ्हाडाला पिंट्याचीच गाडी होती. बारा व्होल्टचा गाण्याचा डेक त्याने दोनपैकी एकाच बॅटरीवर जोडला. जेवणावळ उठेपर्यंत डेक वाजला, एक बॅटरी निपचित, दुसरी भरलेली, आणि गाडी ढिम्म. चोवीस व्होल्ट येणार कुठून!

“नवऱ्यानं फेटा बांधून धक्का मारला,” दिग्या ओरडला. “वहिनी अजून म्हणती, ह्या घरानं पयल्या दिवशीच ढकलायला लावलं!”

“वहिनींनी धक्का मारलाच न्हाय,” पिंट्या तावातावाने. “त्या केबिनमदी बसल्या हुत्या!”

“म्हणूनच जड झाली गाडी,” नाना म्हणाले, आणि चहावाल्याच्या पोरासकट सगळे असे हसले की रज्जाकभाईंच्या हातातला मल्टिमीटर बॉनेटवरून घसरला.

“एलईडीचं काय करू मग?” हशा ओसरल्यावर पिंट्याने विचारलं. “दुकानदार परत घेत न्हाय.”

“तुज्या बुलेटला...” नानांनी सुरुवात केली.

“नाना!” दिग्या हात जोडून उभा राहिला. “त्याच्या बुलेटला आधीच हाय. माजी खिडकी त्याच्या दाराच्या समोर हाय. म्या रात्री गॉगल लावून झोपतो!”

“बरं झालं,” रज्जाकभाई म्हणाले. “रविवारी दोन्ही घेऊन ये. आधी बुलेट.”

“बुलेटचे पैसे कोण देणार?”

“दिग्या देईल,” नाना म्हणाले. “पन्नास रुपयं त्याच्याकडं माजं बाकी हायत.”